एसटीएसचे ५० हजार : फॉर्मपासून पासबुकापर्यंत

एसटीएसचे, म्हणजे मेडिकलच्या विद्यार्थ्यांना छोट्या संशोधनासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे, पैसे मागच्या महिन्यात खात्यावर आले, सर्टिफिकेटही हातात आहे. ज्युनिअर पोरं-पोरी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न विचारतात आणि मी प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात उत्तरं देत बसते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकते, घर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. घरात माझ्याआधी कुणी डॉक्टर नाही. रिसर्च हे पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या पोरांचं काम, असं आमच्या बॅचमध्ये निम्म्या लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

आधी ही भानगड काय ते सांगते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, १९७९ पासून एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजेच एसटीएस, चालवते. आपल्याच कॉलेजातल्या पूर्णवेळ प्राध्यापकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करायचा आणि रिपोर्ट द्यायचा. महिन्याला २५,००० प्रमाणे एकूण ५०,००० रुपये आणि प्रमाणपत्र मिळतं. आमच्या सिनिअर लोकांच्या वेळी महिन्याला १०,००० होते. इंटर्न आणि पीजीवाल्यांना यात जागा नाही. घोळ होतो तो एकाच गोष्टीचा. निवड झाली म्हणजे पैसे आले, असं सगळे धरून चालतात. पैसे येतात ते रिपोर्ट तपासून मंजूर झाल्यावर. तोवरचा किटचा, प्रवासाचा, झेरॉक्सचा खर्च आपल्या खिशातून, आणि त्यासाठी वेगळी रक्कमही नसते. हे आधी घरी सांगून ठेवा, नाहीतर पुढे दर फोनला 'आले का गं पैसे?' ऐकावं लागतं.

डिसेंबरात मी गाईड शोधायला लागले. एका गाईडला एकाच विद्यार्थ्याचा अर्ज देता येतो, त्यामुळे चांगले शिक्षक लवकर 'बुक' होतात. मेडिसिनच्या एका सरांकडे गेले तर त्यांनी आधीच कुणाला तरी हो म्हटलं होतं. मग पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्य शिकवणाऱ्या विभागाच्या, मॅडमकडे गेले. जाताना सिनिअरकडून आलेले चार-पाच विषय लिहून नेले होते, सगळे एकाच छापाचे : अमुक बाबतीत मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन. गूगल फॉर्म होस्टेलच्या ग्रुपवर टाकला की दोन दिवसांत डेटा जमा. मॅडमनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुझ्या गावाकडं काय दुखतं लोकांचं?"

आमच्या गावाकडं काय दुखतं हे सांगायला अभ्यास लागत नाही. निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि सहा महिने कारखान्याच्या फडात राहायचं. बाया परत येतात त्या कमरेला हात लावून. मी म्हटलं, "मॅडम, बायांचं हिमोग्लोबिन."

यावर मॅडमनी जे विचारलं ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे : "तुझ्या बाया ऑगस्टात कुठं असतात?"

एसटीएसच्या तारखा दरवर्षी थोड्या मागे-पुढे होतात, त्या आयसीएमआरच्या वेबसाइटवरच बघाव्यात. पण साधारण गणित असं असतं की अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, निकाल उन्हाळा सरता-सरता किंवा पावसाळ्यात, आणि काम लगेच त्यानंतर. म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसं त्या दोन महिन्यांत हाताशी पाहिजेत. आमच्या बाया जून ते सप्टेंबर गावातच असतात. हेच काम जानेवारीत करायचं म्हटलं असतं तर मला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात खोप्या शोधत फिरावं लागलं असतं. माझ्या मैत्रिणीचा विषय उष्माघाताचा होता. विषय चांगला, पण निकाल लागेपर्यंत पाऊस पडला आणि वॉर्डात पेशंटच नाहीत. विषय किती भारी आहे हे बघायच्या आधी तो कॅलेंडरात बसतो का ते बघा.

जानेवारी प्रपोजल लिहिण्यात गेला. शब्दमर्यादा कडक असते, त्यामुळे प्रस्तावनेत जगाचा इतिहास लिहायला जागा नाही. मला सगळ्यात भीती वाटत होती ती सॅम्पल साइझची, म्हणजे किती बाया तपासायच्या त्या आकड्याची, आणि निघाली ती अगदी साधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय आढळला होता, देशाचा आकडा ५७ टक्के. आपण ५४.२ घ्यायचे, उरलेले ४५.८, दोन्हींचा गुणाकार, त्याला ३.८४ ने (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणायचं आणि आपल्याला चालणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागायचं. मी १० टक्के चूक धरली, भागिले १००. उत्तर ९५.३, म्हणजे ९६ बाया. काही जणी नाही म्हणतील म्हणून दहा टक्के वाढवून १०६. पाच टक्के चूक धरली असती तर आकडा चौपट झाला असता, दोन महिन्यांत एकटीने ते होत नाही. प्रपोजलमध्ये हे गणित उघड मांडा. आकडा कुठून आला ते दिसलं पाहिजे.

फेब्रुवारीत ऑनलाइन फॉर्म भरला. फॉर्म सोपा आहे, सह्या अवघड आहेत. एक अटेस्टेशनचा कागद असतो, त्यावर गाईडची आणि संस्थाप्रमुखाची सही-शिक्का लागतो, तो स्कॅन करून चढवायचा. डीन मुंबईला बैठकीला, ते आले तर शिक्क्याचे क्लार्क रजेवर, ते आले तर 'आवक नंबर कुठंय?' यात आठवडा गेला. शेवटच्या तारखेला सही मागायला जाणाऱ्यांची रांग मी डोळ्यांनी बघितली आहे. तो कागद आधी, बाकी फॉर्म नंतर. अजून एक : दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आपलं आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि बँकेत कधी कधी वडिलांचं नावच गायब असतं. पुढे पैसे आपल्या स्वतःच्या खात्यात यायचे असतात, तेव्हा पासबुकवरचं नाव आताच नीट करून घ्या. माझं खातं शाळेत असताना अप्पांबरोबर काढलेलं जॉइंट होतं, मी सरळ राष्ट्रीयीकृत बँकेत नवीन काढलं.

आता एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी कॉलेजची समिती. अर्ज भरताना तिची मंजुरी हातात नसली तरी चालतं, पण मंजुरीशिवाय एकाही माणसाला हात लावायचा नाही आणि रिपोर्टसोबत ते पत्र लागतंच. निवड झाल्यावर बघू म्हणणारे इथे अडकतात, कारण कमिटी रोज बसत नाही. आमची दोन-तीन महिन्यांतून एकदा बसते. मॅडमनी मार्चमध्येच कागद द्यायला लावले : प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार त्याचा आराखडा), प्रश्नावली, मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मॅडमचा बायोडेटा, विभागप्रमुखांचं पत्र. आणि या सगळ्याच्या दहा-बारा प्रती. झेरॉक्सवाल्याने त्या दिवशी चहा पाजला.

बैठक मे महिन्याच्या सुरुवातीला झाली. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, शिवाय कायद्याचा माणूस, समाजशास्त्राचा माणूस आणि एक सामान्य नागरिकही. मला वाटलं होतं डॉक्टर लोक घाम फोडतील. त्यांनी दोन प्रश्न विचारून सोडलं. घाम फोडला तो कोपऱ्यात बसलेल्या सामाजिक कार्यकर्त्या बाईंनी.

त्यांनी विचारलं, "पिशवी काढलेल्या बायांचं काय करणार?"

विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा असेल तर हा प्रश्न यायलाच हवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पिशवी नाही म्हणजे पाळी नाही, आणि पाळीतून जाणारं रक्त हे रक्तक्षयाचं मोठं कारण. अशा बाया सरसकट मिसळल्या तर सरासरी बरी दिसते आणि प्रत्यक्षात काहीच बरं नसतं. प्रश्नावलीत हा प्रश्न होता, पण त्यांचं विश्लेषण वेगळं करायचं असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते घातलं. गरोदर बायांसाठी रक्तक्षयाची रेषा वेगळी, ११ ग्रॅम हिमोग्लोबिनची, म्हणून त्या आधीपासूनच वगळल्या होत्या. बाकीच्यांना १२.

दुसरा प्रश्नही त्यांचाच : "आठच्या खाली आलं तर काय करशील? लिहून घेशील आणि परत येशील?" मग प्रोटोकॉलमध्ये वाक्य आलं की प्रत्येकीला तिचा आकडा तिथेच सांगायचा, कमी असेल तर आशाताईंमार्फत गोळ्या, आणि ८ च्या खाली असेल तर चिठ्ठी देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं. वयाची खालची मर्यादा १८ ठेवली, कारण त्याआतल्या मुलींना आई-बापाची संमती लागते. आमच्याकडे अठराच्या आतल्या किती सुना कोयता धरतात हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांची संमती सासरचे देणार की माहेरचे, हा गुंता दोन महिन्यांच्या अभ्यासात सुटणारा नव्हता. सगळ्यात जास्त ज्यांचं बघायला हवं त्याच माझ्या यादीत नाहीत, ही गोष्ट मला अजून खटकते. दुरुस्त्या करून दिल्या आणि जूनमध्ये मंजुरीचं पत्र मिळालं.

निकाल जुलैत लागला. यादीत नंबर शोधताना हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. आई खूश, दादा खूश. अप्पांनी विचारलं, "पन्नास हजार कधी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." अप्पा काही बोलले नाहीत, बैलाला पेंड घालायला गेले. पहिले दहा हजार चाकणला कंपनीत असलेल्या दादाने दिले.

खर्चाचा हिशोब, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर विभागाचा मिळाला. हे नसतं तर मी हा विषय घेतलाच नसता. पट्ट्या स्वतः घ्याव्या लागल्या, एक साधारण चाळीस रुपयांना, वाया जाणाऱ्या धरून पावणेपाच हजार. लॅन्सेट (बोट टोचायच्या छोट्या सुया), स्पिरिट, कापूस, हातमोजे आणि वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा मिळून हजाराच्या आत. छपाई-झेरॉक्स दीड हजार. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला, पण फाट्यापासून गावापर्यंत जीप किंवा कुणाची तरी मोटारसायकल. सगळे धरून दहा हजारांच्या आसपास. प्रत्येक बिल ठेवा. कुणी मागितलं नाही तरी आपल्याला कळतं.

गावं दोन निवडली, एक आमचंच, दुसरं मावशीचं. आशाताईंच्या यादीतून ऊसतोडीला जाणाऱ्या १८ ते ४९ वयाच्या बाया काढल्या आणि त्यातून चिठ्ठ्या टाकून नावं घेतली. सरपंचांना पत्र, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरना पत्र. आशाताईंशिवाय हे काम उभंच राहिलं नसतं, त्यांचा हात धरूनच गावात शिरा.

पण चिठ्ठीत नाव आलं म्हणजे बाई भेटली असं नाही. जुलै-ऑगस्ट म्हणजे खुरपणीचे दिवस. बाया सकाळी आठला सोयाबीनच्या रानात, दिवे लागणीला घरी. दुपारी बारा वाजता प्रश्नावली घेऊन गेलं तर ओट्यावर फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या. एका बाईची रोजंदारी बुडवून तिचं रक्त तपासायचा आपल्याला काय हक्क? म्हणून मी शनिवारी-रविवारी गावात मुक्कामाला राहून सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर अशी कामं केली. संध्याकाळी लाइट गेली की टॉर्च आशाताईंच्या हातात. कॉलेजची हजेरी, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के, ती एसटीएसमुळे माफ होत नाही.

बोटातून रक्त काढणं मला येतं असं मला वाटत होतं. होस्टेलमधल्या पोरींच्या बोटांवर सराव केला होता. ऊसतोड बाईचं बोट वेगळं असतं. कोयत्याने आणि मोळ्या बांधून-बांधून कातडी इतकी राठ झालेली की लॅन्सेट टोचलं तरी वर नुसता पांढरा ठिपका दिसतो. दाबून काढलं तर रक्तात पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. मग गरम पाणी मागायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटं हात पाण्यात, पुसून कोरडा, डाव्या हाताची अनामिका, आणि टोक सोडून किंचित बाजूला टोचायचं. पहिला थेंब कापसाने पुसायचा, दुसरा आपोआप फुगू द्यायचा, मग पट्टी टेकवायची. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण गरम पाण्याचं मला मावशीच्या शेजारच्या काकूंनी सुचवलं. भांडी घासून नुकत्याच उठलेल्या बाईचं बोट किती मऊ असतं, हे त्यांनीच दाखवून दिलं.

शंका सगळ्यांच्या असतात. "रगत नेऊन काय करता?" "इकता का?" एका आजींनी सुनेला पुढे करत म्हटलं, "बाई, आमच्यात रगतच नाही, तू काढतीस काय?" सगळ्या हसल्या आणि काम सोपं झालं. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि सोबत साक्षीदाराची सही. साक्षीदार आपल्या टीमचा नसावा. मी अंगणवाडीताईंना विनंती केली होती. नवऱ्याला विचारून सांगते म्हणणाऱ्या बाया बऱ्याच. थांबायचं. नाही म्हणाल्या तर वहीत 'नकार' लिहून पुढे जायचं, गळ घालायची नाही.

एकीचा आकडा ६.८ आला. पट्टी खराब असेल म्हणून दुसऱ्या हाताला पुन्हा केलं, तोच आसपास. ती तिशीतली, तीन लेकरं, सकाळपासून रानात खुरपून आली होती. मी आकडा सांगितला तर म्हणाली, "मग आता? औंदा उचल घेतलीय." चिठ्ठी दिली, पण चिठ्ठीने काम होत नाही हे आशाताईंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेल्या. तिचं पुढे काय झालं ते मी नंतर विचारत राहिले. उपचार सुरू झाले, आणि दसऱ्यानंतर ती टोळीबरोबर गेलीसुद्धा.

सप्टेंबरात महालक्ष्म्यांच्या आसपास सॅम्पल पूर्ण झालं. वापरलेल्या सुयांचा डबा भरून परत कॉलेजात आणायचा असतो, गावात टाकायचा नाही. एसटीत तो मांडीवर घेऊन बसले की शेजारची बाई हमखास विचारणार, "काय गं, लोणचं का?" डेटा मी रोज रात्री एक्सेलमध्ये भरत होते, त्यामुळे शेवटी डोंगर साचला नाही. विश्लेषण एपी इन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये केलं. काय निघालं ते आकड्यांत इथे देत नाही, पेपर अजून छापून यायचा आहे. एवढं सांगते की पिशवी काढलेल्या बाया वेगळ्या काढल्या हे बरं झालं. समाजकार्याच्या त्या बाईंना मी नंतर फोन करून सांगितलं.

रिपोर्ट ऑक्टोबरात दिला. प्रपोजलमध्ये जे करू म्हटलं तेच केलं का, आणि जे झालं नाही ते का नाही, हे सरळ लिहा. लायब्ररीत उचलेगिरी तपासायचं सॉफ्टवेअर असतं, त्यातून आधीच काढून घ्या. पद्धतीचा भाग सिनिअरच्या रिपोर्टमधून जसाच्या तसा उचलला की लगेच लाल होतो. एथिक्सचं पत्र जोडा, गाईडकडून शेवटचं वाचन करून घ्या आणि अपलोड झाल्याची पावती सेव्ह करा. त्यानंतर हातात काही नसतं. महिनोन्‌महिने वेबसाइट उघडायची आणि बंद करायची. मी त्या काळात पॅथॉलॉजी वाचली, ते जास्त उपयोगाचं ठरलं.

पैसे आल्यावर दादाचे दहा हजार परत केले, तो घ्यायला तयार नव्हता. काही कॉलेजच्या फीला गेले, काही अप्पांच्या बियाण्याला. एसटीएसने नीट-पीजीत एकही मार्क वाढत नाही, हे जाहीर करून टाकते म्हणजे त्या आशेने कुणी यायचं नाही.

आता माझी चुलत बहीण मागे लागली आहे. ती नांदेडला बीएस्सी करते, तिला एसटीएस चालत नाही. तिच्यासाठी दोन रस्ते मी शोधून दिलेत. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असेल तर डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची, इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. नाहीतर बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून देतात ती दोन महिन्यांची समर फेलोशिप. या फेलोशिपच्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. तिचे सर दिवाळीच्या सुट्टीत गावी जातात, म्हणून मी तिला सांगितलंय की पत्र सुट्टीच्या आधी घे, आणि सोबत एक पान लिहून ने. त्यावर उत्तर आलंय, "कशावर लिहू?" रविवारी ती घरी येतेय, तेव्हा बसू.